फारोख बुलसारा आणि डिस्कोचा ठेका

काकतीत राहणाऱ्या माणसाच्या कानाला दोन आवाजांची सवय असते. एक हायवेवरच्या ट्रकांचा आणि दुसरा लग्नसराईतल्या डॉल्बीचा. वरात आमच्या गल्लीत शिरली की खिडकीच्या काचा थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजतात आणि घरातली मोठी माणसं कपाळाला आठ्या घालून दार लावून घेतात. हा काय धांगडधिंगा, यात संगीत ते कुठलं, असं त्यांचं म्हणणं. खरं गंमत अशी, की तीच मोठी माणसं स्वतःच्या घरच्या लग्नात 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' किंवा 'गंमत जंमत'मधलं 'अश्विनी ये ना' लागलं की हात वर करून दोन पावलं टाकतात. पहिलं गाणं १९८० चं, दुसरं १९८७ चं. आपल्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी ही गाणी आपल्याला पाठ आहेत.

या ठेक्यात असं काय आहे की तो चाळीस-पंचेचाळीस वर्षं टिकला? याचं उत्तर शोधताना मला एका माणसाचं आयुष्य सापडलं. जगभर तो रॉकचा गायक म्हणून ओळखला जातो. पण डिस्कोपायी त्यानं स्वतःच्या चाहत्यांचा राग ओढवून घेतला, आणि मेल्यावर त्याच नाचाच्या ठेक्यानं त्याला पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवलं. त्याचं बालपण आपल्याच हायवेवर, आपल्यापासून पाच-सहा तासांच्या अंतरावर गेलं. काकतीहून निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा करत सुरूर फाट्याला वळायचं, वाई ओलांडून पसरणीचा घाट चढायचा, की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत तो शिकला. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणतं. शाळेच्या दप्तरी त्याचं नाव होतं फारोख बुलसारा.

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबार बेटावरचा. आईवडील पारशी, मूळचे गुजरातकडचे. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलाचं शिक्षण चांगलं व्हावं म्हणून त्यांनी आठ वर्षांच्या पोराला बोटीनं मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या वसतिगृहात पाठवलं. आठ वर्षांचं पोर, घर समुद्रापलीकडं. आईवडिलांची भेट क्वचितच, सुटीत बऱ्याचदा मुंबईच्या नातेवाइकांकडं जायचं. आपल्यातले जे हॉस्टेलला राहिलेत त्यांना रविवारची संध्याकाळ कशी जाते हे वेगळं सांगायला नको. फारोखला तर बोलायचीही थोडी चोरी होती. तोंडात जादा चार दात होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले, आणि त्यावरून मुलं चिडवायची. मोठेपणी पैसा आल्यावरही त्यानं ते दात काढून घेतले नाहीत. आवाज बदलेल अशी त्याला भीती वाटायची.

शाळेत त्याला आधार मिळाला तो पियानोचा आणि समूहगायनाचा. शाळा ख्रिस्ती परंपरेची, तेव्हा प्रार्थनागीतं हा रोजच्या जगण्याचा भाग. पारशी घरातलं हे पोर गायकवृंदात उभं राहून स्तोत्रं गायला लागलं. पियानोच्या परीक्षा देत तो चौथ्या श्रेणीपर्यंत पोचला. रेडिओवर ऐकलेलं गाणं एकदा कानावरून गेलं की लगेच पेटीवर वाजवून दाखवायचं, ही त्याची खुबी. साधारण बाराव्या वर्षी चार मित्रांना घेऊन त्यानं 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी ते शाळेच्या कार्यक्रमात वाजवायचे. फारोख तेव्हा गायक नव्हता बरं का, तो मागं पियानोवर असायचा. मित्र आणि शिक्षक त्याला फ्रेडी म्हणू लागले आणि ते नाव कायमचं चिकटलं.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवू या. लिटल रिचर्ड आणि फॅट्स डॉमिनो हे दोघे कृष्णवर्णीय अमेरिकी गायक. लिटल रिचर्डचं गाणं तर चर्चमध्येच घडलं होतं. कापसाच्या शेतात राबणाऱ्या गुलामांच्या पोटी जी भक्तिगीतं जन्मली त्यातून पुढं गॉस्पेल आलं. एकानं ओळ म्हणायची, सगळ्या मंडळीनं ती उचलायची, टाळ्या वाजत राहायच्या आणि आवाज हळूहळू चढत जायचा. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. भजनात बुवा एक चरण टाकतात आणि टाळकरी तो झेलतात, तेच हे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणलं, तेव्हा त्यांनाही हीच ताकद हवी असणार. एकट्याचं दुःख शंभर गळ्यांत वाटून टाकायची ताकद.

१९५० च्या दशकात रे चार्ल्ससारख्यांनी गॉस्पेलचा हा सूर प्रेमाच्या आणि विरहाच्या गाण्यात आणला. त्याला 'सोल' म्हणू लागले, म्हणजे आत्मा. या सोलची राणी अरीथा फ्रँकलिन. वडील डेट्रॉइटमधले नावाजलेले धर्मोपदेशक, आणि ती त्यांच्याच चर्चमध्ये गात मोठी झाली. फ्रेडीचं हे आयुष्यभराचं दैवत.

फ्रेडी १९६३ मध्ये झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी जानेवारीत तिथं क्रांती झाली, रक्तपात झाला, आणि बुलसारा कुटुंब हाताला लागेल ते घेऊन इंग्लंडला आलं. लंडनच्या विमानतळाजवळ फेल्टम नावाच्या उपनगरात साधं घर मिळालं. सतरा वर्षांचा मुलगा, तिसरा देश. विमानतळावर सामान उचलण्याचं काम त्यानं केलं, ईलिंगच्या कला महाविद्यालयात १९६९ पर्यंत ग्राफिक डिझाइन शिकला, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्यानं बँड उभा केला आणि नाव ठेवलं 'क्वीन'. पुढच्या वर्षी जॉन डीकन हा बेस गिटारवाला आला. याच सुमारास बुलसारा आडनाव गेलं आणि मर्क्युरी आलं. पाचगणीबद्दल, आपल्या मुळाबद्दल तो पुढं फारसा कधी बोलला नाही. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये आशियाई माणसाकडं कसं पाहिलं जायचं ते लक्षात घेतलं तर कारण समजू शकतं. तरी वाईट वाटतंच.

१९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'नं क्वीन जगभर गेला. ते गाणं इंग्लंडात सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. आपल्या विषयाला मात्र जास्त जवळचं आहे ते पुढच्या वर्षीचं 'समबडी टू लव्ह'. अरीथाच्या ओढीनं फ्रेडीनं लिहिलेलं हे गाणं. यात एक थकलेला, एकटा माणूस देवाकडं तक्रार करतो आणि मागून अख्खा चर्चचा गायकवृंद त्याला साथ देतो. हा वृंद प्रत्यक्षात नव्हताच. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांनी आपलेच आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवले. पाचगणीच्या रांगेत उभं राहून गाणाऱ्या मुलानं लंडनच्या स्टुडिओत स्वतःसाठी एक चर्च बांधलं, असं मला ते ऐकताना वाटतं.

त्याच काळात अमेरिकेत सोलच्या पोटातून डिस्को जन्माला येत होता. फिलाडेल्फिया शहरातल्या स्टुडिओत वादकांनी सोलच्या गाण्याखाली एक नवा ठेका धरला. चार मात्रांपैकी प्रत्येक मात्रेवर पायाच्या ढोलाचा सरळ ठोका, दोन ठोक्यांच्या मध्ये झांजेची उघडझाप, बेस गिटारची स्वतंत्र चाल आणि वरून व्हायोलिनचा मोठा ताफा. अर्ल यंग या ड्रमवादकानं १९७३ मध्ये 'द लव्ह आय लॉस्ट' या गाण्यात धरलेला ठेका या साऱ्याची सुरुवात मानला जातो. गाणं प्रेम हरवल्याचं, पण पाय थांबत नाहीत. डिस्कोचं मर्म इथंच आहे. रडायचं ते नाचत रडायचं. डोना समरसारख्या गायिका लहानपणी चर्चमध्ये गायलेल्या होत्या. न्यूयॉर्कच्या ज्या क्लबांत हे संगीत वाढलं तिथं येणारे बरेच जण कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी आणि समलिंगी होते. बाहेरच्या जगात ज्यांना मान नव्हता त्यांना त्या चार तासांत माणसासारखं वागता यायचं.

मग हे संगीत फार लोकप्रिय झालं, आणि फार लोकप्रिय झालं की होतं तेच झालं. कंपन्यांनी घाऊक माल काढला, निम्मी गाणी एकसारखी वाजू लागली आणि लोक विटले. पण राग नुसत्या सुमार गाण्यांवर नव्हता. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून स्फोटानं उडवण्यात आला. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. त्या ढिगात डिस्को नसलेल्या, नुसत्या सोलच्या कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्याही होत्या असं तिथं हजर असलेल्यांनी नंतर सांगितलं आहे. डिस्को मेला, असं अमेरिकेत जाहीर झालं.

नेमक्या याच वेळी क्वीननं डिस्कोला हात घातला. जॉन डीकनला सोल मनापासून आवडायचं. 'शीक' या बँडचं १९७९ मधलं 'गुड टाइम्स' आणि त्यातली बेसची चाल त्याच्या डोक्यात बसली होती. त्यातून त्यानं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' रचलं. म्युनिकच्या स्टुडिओत रॉजर टेलर या कोरड्या, घुमारा नसलेल्या ढोलावर खूश नव्हता. रॉक बँडनं असं काही करावं का, असा प्रश्न होताच. फ्रेडीला मात्र गाणं भलतंच आवडलं. घसा सोलवटेपर्यंत तो ते गायला, असं त्याचे साथीदार सांगत आले आहेत. हे गाणं स्वतंत्रपणे बाजारात आणा, हा आग्रह मायकल जॅक्सननं धरला. ऑक्टोबर १९८० मध्ये ते अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. तिथल्या सोलच्या यादीत आणि डिस्कोच्या यादीतही ते दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या रेडिओ केंद्रांवर हे गाणं वाजत होतं आणि गाणारा कोण हे अनेकांना ठाऊकही नव्हतं. डिस्कोला पुरल्याला सव्वा वर्ष झालं होतं.

फ्रेडीला यातून बळ आलं. १९८२ मध्ये क्वीनचा 'हॉट स्पेस' आला आणि त्याची पहिली बाजू जवळपास सगळी नाचाची. 'स्टेइंग पॉवर' या गाण्यात ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा बसवायला त्यानं आरिफ मार्दिनला घेतलं. अरीथा फ्रँकलिनच्या सोलमागं जे संगीतकर्मी होते त्यांतला हा एक. पण जुने चाहते बिथरले. गिटार कुठं गेली, हे आमचं क्वीन नव्हे, असा सूर निघाला. अमेरिकेतल्या लोकप्रियतेला ओहोटी लागली, आणि त्या वर्षानंतर फ्रेडी क्वीनबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर पुन्हा गेला नाही. बँडमध्येही कुरबुरी झाल्या.

तरी त्यानं नाद सोडला नाही. १९८५ मध्ये त्यानं एकट्याच्या नावानं 'मिस्टर बॅड गाय' काढला. त्यात 'लिव्हिंग ऑन माय ओन' नावाचं एक गाणं आहे. एकटेपण, त्यात जाणारे दिवस, आणि तरीही पुढं बरं होईल अशी आशा, असा त्याचा विषय. हे सगळं उड्या मारणाऱ्या ठेक्यावर, मध्येच नुसत्या निरर्थक अक्षरांची लयदार बरसात. त्याची चित्रफीत त्यानं स्वतःच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या मेजवानीत चित्रित केली. शेकडो पाहुणे, झगमगाट, आणि मध्ये उभं राहून माणूस गातोय ते एकाकीपणाचं गाणं. इंग्लंडच्या यादीत ते जेमतेम पन्नासाव्या क्रमांकावर पोचलं आणि विसरलं गेलं. त्याच वर्षी १३ जुलैला 'लाइव्ह एड'च्या मैफलीत वेम्बली मैदानावर सुमारे ७२,००० लोकांनी फ्रेडीच्या एका हाताच्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवल्या. त्यानं ओळ टाकायची आणि मैदानानं झेलायची. शाळेतल्या गायकवृंदाचा आणि भजनाचा तोच जुना नियम.

१९८७ च्या सुमारास त्याला एड्सचं निदान झालं. तेव्हा या रोगावर आजच्यासारखी औषधं नव्हती, आणि रोगापेक्षा बदनामी मोठी होती. वर्तमानपत्रवाले घराबाहेर तळ ठोकून असायचे. फ्रेडी गात राहिला. पाय साथ देईनासे झाले तरी स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट्रोच्या स्टुडिओत उभं राहून त्यानं शेवटची गाणी पुरी केली. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लंडनच्या राहत्या घरी तो गेला. वय अवघं ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला. नाव बदललेला, मुळाबद्दल गप्प राहिलेला फारोख शेवटी आईवडिलांच्या प्रार्थनेतच निरोप घेऊन गेला. पुढच्या वर्षी त्याच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलीच्या पैशातून एड्सविरोधी कामासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. तो अजून काम करतो.

पण डिस्कोची गोष्ट इथं संपत नाही. १९९३ मध्ये 'लिव्हिंग ऑन माय ओन'ला काही संगीतकारांनी नवा ठेका जोडून पुन्हा बाजारात आणलं. ठेका तोच, प्रत्येक मात्रेवर सरळ ठोका, फक्त यंत्रावर वाजवलेला आणि जास्त जोरकस. ऑगस्टमध्ये ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं. एकट्याच्या नावावरच्या गाण्यानं फ्रेडीला मिळवून दिलेलं हे इंग्लंडातलं पहिलंच अव्वल स्थान, आणि ते बघायला तो नव्हता. आठ वर्षांपूर्वी ज्याच्याकडं कुणी वळून बघितलं नव्हतं त्याच गाण्यावर युरोपभरची तरुण मुलं नाचत होती.

मला वाटतं, डिस्को टिकण्याचं कारण याच्यातच आहे. नुसता ठेका टिकत नाही. शिकागोत स्फोटानं उडवलेल्या ढिगातली कितीतरी गाणी खरोखरच विस्मरणात गेली, आणि ती तशी गेली याचं दुःख करण्याचं कारण नाही. टिकली ती गाणी ज्यांच्या पोटात सोल आहे, म्हणजे कुणाचं तरी खरं दुःख आहे, आणि ते चारचौघांत मांडायला धीर देणारा सरळ, भरवशाचा ठोका आहे. छातीवर दाब देऊन बंद पडलेलं हृदय चालू करायचं असेल तर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यावेत असं डॉक्टर शिकवतात, आणि तो वेग लक्षात राहावा म्हणून डिस्कोचीच गाणी वापरतात. 'अनदर वन बाइट्स द डस्ट'चा वेगही याच हिशेबात बसतो. गाणं मरणाचं आणि वेग जीव वाचवण्याचा!

हा ठेका आपल्या गल्लीपर्यंत आला तोही अशाच वाटेनं. 'आप जैसा कोई'ची चाल बिद्दू यांची. बेंगळुरूचा हा माणूस लंडनला गेला, तिथं सोल आणि डिस्कोची गाणी करून नाव कमावलं आणि मग हिंदी सिनेमाला हे गाणं दिलं. म्हणजे डॉल्बीवरचा आपला ठोका एका बाजूनं कर्नाटकातून आणि दुसऱ्या बाजूनं पाचगणीच्या घाटातून जग फिरून आलेला आहे.

डॉल्बीच्या आवाजाची मर्यादा पाळावी, याबद्दल माझं घरच्यांशी भांडण नाही. म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधडतं ते खोटं नाही. पण संगीतच नाही, हे म्हणणं मला आता पटत नाही. एखाद्या रात्री हेडफोन लावून आधी 'समबडी टू लव्ह' ऐका, मग 'अनदर वन बाइट्स द डस्ट' आणि शेवटी १९९३ मधलं 'लिव्हिंग ऑन माय ओन'. तिन्ही मिळून पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. घरापासून लांब राहून शिकणारे आपल्या कॉलेजात पुष्कळ आहेत. त्यांना तरी त्या आवाजात पाचगणीच्या वसतिगृहातला आठ वर्षांचा फारोख नक्की ऐकू येईल.